सैन्य आणि पक्षीय राजकारण : बाबासाहेबांची मांडणी, कायद्यातील तरतुदी आणि न सुटलेले प्रश्न

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूपसारख्या गावांत पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं आजही दिसतात. त्यांत बौद्ध समाजातील तरुण मोठ्या संख्येने असतात. वर्दी म्हणजे पगार आणि त्याहून अधिक म्हणजे मान, ही भावना आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. म्हणूनच सैन्य कुणाच्या हुकमतीत असावे आणि कुणाच्या प्रचारात असू नये, हा विषय आपल्यासाठी परका नाही.

इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. निवृत्त लष्करी सेवक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला, तर 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच ती मोडली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः सुभेदार. भरतीचे दार कुणासाठी उघडायचे हा निर्णय राजकीय असतो, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1940 च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात त्यांनी सैन्याच्या रचनेवर स्वतंत्र विवेचन केले आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी आणि नंतर कोणत्या प्रांतातून, कोणत्या समाजातून किती सैनिक घेतले गेले, याचे तक्ते त्यांनी दिले आणि 1930 नंतर सरकार ही माहिती मध्यवर्ती विधिमंडळालाही देत नाही, यावर बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद असा, की सरहद्द कितीही सुरक्षित असली तरी सैन्याची निष्ठा संशयास्पद असेल तर देश सुरक्षित नाही. फाळणीविषयीचे त्यांचे निष्कर्ष कुणाला पटोत न पटोत, सैन्याची निष्ठा कुठल्या गटाकडे नव्हे तर देशाकडे हवी, हा मुद्दा आजही तसाच उभा आहे. पुढच्याच वर्षी ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्याच रेजिमेंटमधून पुढे जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख आले.

स्वातंत्र्यानंतर सैन्याला नागरी सत्तेखाली आणण्याचे काम पायरीपायरीने झाले. सरसेनापतीचे निवासस्थान असलेले दिल्लीतील तीन मूर्ती भवन पंतप्रधानांचे घर झाले. ही साधी जागाबदल नव्हती. 1955 मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदच गेले आणि तिन्ही दलांचे प्रमुख समान पातळीवर आले. संविधानाचे कलम 53 सर्वोच्च सेनापतित्व राष्ट्रपतींकडे देते, पण ते कायद्यानेच वापरायचे असते. कलम 33 सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार फक्त संसदेला देते. त्यानुसार सैन्य अधिनियम 1950 चे कलम 21 आणि 1954 च्या नियमांतील नियम 20 लागू होतात. सेवेतील जवानाला पक्षाच्या सभेत किंवा मोर्चात भाग घेता येत नाही, पक्षाला वर्गणी देता येत नाही, ग्रामपंचायतीलाही उभे राहता येत नाही. मतदान मात्र करता येते.

बंधन जवानावर पक्के आहे. पक्षांवर मात्र ते फारच सैल आहे. निवडणूक आयोगाने 4 डिसेंबर 2013 रोजी जाहिरातींत सैनिकांची छायाचित्रे वापरू नका असे पक्षांना कळवले. पुलवामा आणि बालाकोटनंतर मार्च 2019 मध्ये तेच पुन्हा सांगावे लागले. त्याच मार्चच्या अखेरीस उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी सैन्याला पंतप्रधानांच्या नावाने संबोधले, तेव्हा आयोगाने फक्त समज दिली. दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना पत्र गेले. त्यातल्या काहींनी सही आपली नसल्याचे सांगितले. म्हणजे सैन्याचे राजकारण होऊ नये म्हणणारे पत्रही राजकारणात सापडले.

नेमणुकांचा प्रश्न अधिक खोल आहे. ज्येष्ठता डावलण्याचा अधिकार सरकारला आहेच. 1983 मध्ये सिन्हांना बाजूला ठेवून अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले, 2016 मध्ये दोघांना मागे टाकून बिपिन रावत आले. दोन्ही वेळा सरकारे वेगळ्या पक्षांची होती. जून 2022 मध्ये संरक्षण दल प्रमुखपदाचे नियम बदलून निवृत्त लेफ्टनंट जनरलही पात्र ठरवले गेले. निवड कशाच्या आधारे झाली, हे संसदेच्या समितीसमोर मांडणे बंधनकारक केले तर बरेच काही सुधारेल. निवृत्तीनंतर लगेच पक्षात जाण्यावरही काही वर्षांची मुदत हवी. वरिष्ठ अधिकाऱ्याला खासगी कंपनीत जायला वर्षभर परवानगी लागते, पक्षात जायला काहीच लागत नाही, हे अजब आहे.

बौद्ध म्हणून एक गोष्ट विसरता येत नाही. म्यानमारच्या 2008 च्या संविधानाने संसदेच्या 25 टक्के जागा सैन्याला दिल्या, तरी 1 फेब्रुवारी 2021 रोजी सैन्याने उरलेलेही हिसकावले. विहारांना दान देणाऱ्या याच सेनाधिकाऱ्यांसमोर 2007 मध्ये भिक्खूंनी भिक्षापात्र उपडे धरले होते. दान नाकारण्याचा हा विनयातील जुना दंड आहे. बहुसंख्य बौद्ध असल्याने सैन्य आपोआप लोकशाहीवादी होत नाही.

आपल्या बॅनरांकडेही पाहावे लागेल. 1 जानेवारीच्या भीमा कोरेगावच्या फलकावर रेजिमेंटचे बोधचिन्ह आणि शेजारी पक्षनेत्याचा चेहरा असेल, तर आयोगाची सूचना निळ्या झेंड्यालाही तितकीच लागू होते. बाबासाहेबांनी पलटण मागितली ती आपल्या पक्षासाठी नव्हे.

ज्यांच्या घरी जवान आहे त्यांनी एक काम जरूर करावे. त्याचे नाव गावच्या मतदारसंघात ‘सेवा मतदार’ म्हणून नोंदले आहे का, ते तपासावे. नोंद असेल तर मतपत्रिका त्याच्या युनिटमध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि भरून टपालाने परत येते. त्याच्यासोबत राहणाऱ्या पत्नीचीही अशी नोंद होऊ शकते.