बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया आणि हाडांचे आरोग्य

वजन कमी करण्यासाठी जठर व आतड्यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. त्यांमुळे मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे विकार आटोक्यात येण्यास मदत होते. मात्र पुढील काळात हाडांची खनिज घनता घटते आणि अस्थिभंगाचा धोका वाढू शकतो. गॅस्ट्रिक बायपासमध्ये हा परिणाम ठळक असतो. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये तो तुलनेने सौम्य असला तरी टळत नाही.

कारणे

शरीराचा भार हलका झाल्याने हाडे विरळ होतात, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. कारण वजन स्थिरावल्यानंतरही झीज चालू राहते. कॅल्शियमचे सक्रिय शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने होते. बायपासनंतर अन्न नेमका हाच भाग टाळून पुढे जाते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ड जीवनसत्त्वाची पातळी योग्य राखूनही, शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे ३३ टक्के असलेले हे शोषण सहा महिन्यांनी सुमारे ७ टक्क्यांवर आले.

रक्तातील कॅल्शियम घटू नये म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी अधिक संप्रेरक स्रवतात आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढले जाते. त्यामुळे रक्ततपासणीत कॅल्शियम सामान्य दिसत असतानाही हाडे झिजत असू शकतात. केवळ त्या आकड्यावर विसंबणे फसवे ठरते. स्नायूंची घट आणि आतड्यांतील संप्रेरकांमधील बदल यांचाही झिजेत वाटा असतो.

अस्थिभंगाचा धोका

अस्थिभंगाचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्हे, तर बहुधा काही वर्षांनी वाढलेले दिसते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांमध्ये ते सर्वाधिक आढळले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांबाबत विशेष दक्षता घेतली जाते. घनता मोजण्यासाठी डेक्सा चाचणी वापरतात. परंतु हाडांभोवतीची चरबी झपाट्याने घटल्यास तिच्या निष्कर्षांत त्रुटी येऊ शकते.

प्रतिबंध व उपचार

बायपास किंवा स्लीव्हनंतर आहार व पूरक गोळ्या मिळून दररोज १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेण्याची शिफारस केली जाते. जठरातील आम्ल कमी झाल्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम सायट्रेट अधिक उपयुक्त मानले जाते. ही मात्रा दिवसभरात विभागून, लोहाच्या गोळीपासून किमान दोन तासांच्या अंतराने घेतात. दूध, नाचणी हे कॅल्शियमचे चांगले स्रोत असले, तरी शस्त्रक्रियेनंतर जेमतेम वाटीभर अन्न जात असल्याने केवळ आहारावर गरज भागणे कठीण असते. भारतात ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची तपासणी करून ती भरून काढणे महत्त्वाचे ठरते. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांनी झीज काहीशी रोखता येते.

ऑस्टिओपोरोसिस झाल्यास बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे शक्यतो शिरेतून दिली जातात, कारण याच गटातील गोळ्यांमुळे जठर व आतड्याच्या जोडावर व्रण होण्याची भीती असते. त्यापूर्वी ड जीवनसत्त्वाची कमतरता दूर करणे आवश्यक असते. अन्यथा रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते.