मोडलेले हाड आणि विणलेला धागा



अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागावर टॉवेल विणताना आपण अनेकदा पाहिला असेल. ताण्याचा धागा तुटला की कामगार माग थांबवितो आणि दोन टोकांना गाठ मारतो. ती गाठ मात्र कायम राहते. हाडाचे तसे नाही. मोडलेले हाड नीट बसवून स्थिर ठेवले, तर त्या जागी नवे हाडच तयार होते. हे कसे घडते, याचा उलगडा होण्यास फार मोठा काळ लागला.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये अबुल कासिम अल्-जहरावी या शल्यवैद्याने ‘किताब अल्-तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात मोडलेल्या हाडांचा व निखळलेल्या सांध्यांचा सविस्तर विचार आहे. शरीररचना न शिकता हत्यार हाती घेणारा माणूस रोग्याचा जीव घेतो, असे त्यांनी बजाविले. बाराव्या शतकात हे लेखन लॅटिनमध्ये गेले आणि युरोपने ते अभ्यासले.

पण हाडाला ‘वाढ’ असे सांगते कोण? १९६५ साली अमेरिकेत डॉ. मार्शल युरिस्ट यांनी हाडातील क्षार काढून उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काही काळाने त्या स्नायूतच नवे हाड तयार झाले! हाडात पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिने असतात, हे यातून कळले. त्यांनाच वृद्धिघटक म्हणतात. २००२ साली अशा एका प्रथिनाला मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. परंतु मानेत वापरल्यास घातक सूज येऊ शकते, असा इशाराही तेथील सरकारी खात्याला २००८ साली द्यावा लागला.

पोकळी मोठी असेल, तर नुसता निरोप पुरत नाही. पेशींना आधार लागतो. इमारत बांधताना जशी परांची, तसाच हा आधार. म्हणून टाक्यांसाठी वापरतात तशा, शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांच्या जाळीवर शास्त्रज्ञांनी पेशी वाढविल्या. पेशी वाढतात, धागा विरून जातो. १९९४ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी २३ रोग्यांच्या गुडघ्यांत त्यांच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा बसविल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या देशातही २०१७ साली अशा उपचाराला परवानगी मिळाली.

पालकहो, एक विनंती आहे. ‘मूलपेशींनी गुडघा नवा करून देतो’ अशा जाहिरातीला भुलून आयुष्याची कमाई घालवू नका. या उपचाराला सरकारी परवानगी आहे काय, हे आधी विचारा आणि लेखी उत्तर मागा. अल्-जहरावींचा इशारा आजही तितकाच खरा आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, धाग्याची जाडी, वीण, ताण व मजबुती या गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांना हाताने समजतात. हेच प्रश्न आज हाड सांधणाऱ्या शास्त्रापुढेही आहेत. घरातील या ज्ञानाला जीवशास्त्राची व रसायनशास्त्राची जोड द्या. विणकराच्या मुलामुलींना या शास्त्रात निश्चितच स्थान आहे.