अंतराळात वजन शून्य असतं, मग सुनीता विल्यम्स यांचं 'वजन' मोजलं कसं?

नोव्हेंबर 2024 मध्ये सुनीता विल्यम्स यांचा अंतराळ स्थानकातला एक फोटो व्हायरल झाला. गाल बसलेले दिसत होते. जेमतेम आठवडाभराच्या मोहिमेवर जूनमध्ये गेलेल्या विल्यम्स तोवर पाच महिने वरच होत्या, त्यामुळे त्यांचं वजन धोकादायकरीत्या घटल्याची चर्चा सुरू झाली. शेवटी त्यांनाच खुलासा करावा लागला: स्थानकावर आले तेव्हा जेवढं वजन होतं, तेवढंच आजही आहे.

पण अंतराळात सगळं तरंगतं. वजनकाट्यावर उभं राहायचं म्हटलं तर पायच टेकत नाहीत. मग हे 'तेवढंच' कळलं कुठून?

तिथे मोजलं जातं ते वजन नाहीच, वस्तुमान. दहावीच्या विज्ञानात हा फरक पहिल्याच धड्यात येतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो.

वस्तुमान म्हणजे शरीरात एकूण द्रव्य किती आहे ते. ते किलोग्रॅममध्ये मोजतात आणि पृथ्वी असो वा चंद्र, ते बदलत नाही. वजन म्हणजे त्या वस्तुमानाला पृथ्वी किती जोरात ओढते, ते बल. त्याचं एकक न्यूटन. वस्तुमानाला त्या ठिकाणच्या गुरुत्वीय त्वरणाने गुणलं की वजन मिळतं. पृथ्वीवर हे त्वरण 9.8 धरतात, म्हणून 60 किलोच्या माणसाचं वजन होतं 588 न्यूटन. चंद्रावर त्याच माणसाचं वजन 100 न्यूटनच्याही आत येईल, वस्तुमान मात्र 60 किलोच राहील.

बाजारात आपण 'वजन 60 किलो' म्हणतो आणि त्याने काही बिघडत नाही. कारण पृथ्वीच्या पृष्ठभागावर हे त्वरण जवळपास सगळीकडे सारखंच आहे. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यात फरक आहे, पण तो जेमतेम अर्धा टक्का.

वर गुरुत्वाकर्षण नसतं का?

असतं, आणि भरपूर असतं. सोशल मीडियावर सर्वांत जास्त फिरणारा गैरसमज हाच. स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर आहे. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवला, तर 60 किलोच्या माणसाला तो साधारण 53 किलो दाखवेल. म्हणजे पृथ्वीची ओढ जवळपास 90 टक्के शाबूत आहे.

तरीही अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानक सतत खाली पडत असतं. ताशी सुमारे 28 हजार किलोमीटर वेगाने पुढेही जात असल्यामुळे ते जमिनीवर आदळत नाही, पृथ्वीभोवती फिरत राहतं. आत माणूस पडतोय, काटाही त्याच वेगाने पडतोय, मग काट्यावर दाब येणार कुठून? जत्रेतला आकाशपाळणा खाली येताना पोटात गोळा येतो, तो याच अनुभवाचा छोटा नमुना.

मग मोजतात कसं?

रिकामी हातगाडी आणि बटाट्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी. दोन्हींना सारखाच धक्का दिला तर भरलेली हळू सरकते. यात गाडीला खाली कोण किती ओढतंय यापेक्षा, तिला हलवणं किती जड जातंय ते महत्त्वाचं. हे जडत्व वस्तुमानामुळे येतं आणि ते अंतराळातही कायम राहतं.

नासाचं उपकरण हेच करतं. अंतराळवीर त्याला घट्ट धरून राहतो, स्प्रिंग त्याला ठरावीक बलाने ओढते आणि तो किती त्वरणाने सरकला हे मोजलं जातं. बलाला त्वरणाने भागलं की वस्तुमान हाती येतं. रशियन उपकरणात अंतराळवीर स्प्रिंगवर वरखाली हेलकावतो. वस्तुमान जास्त, तर हेलकावा संथ. अशी पद्धत अंतराळात पहिल्यांदा वापरली गेली 1973 मध्ये, स्कायलॅब स्थानकात.

विल्यम्स यांचा 'तेवढंच' हा आकडा अशा मोजणीतून येतो. चेहरा वेगळा दिसण्याचं कारण त्यांनी शरीरातल्या द्रवांच्या हालचालीत सांगितलं. खाली दाब नसल्यामुळे पायांकडचे द्रव डोक्याकडे सरकतात. पाय बारीक होतात, चेहऱ्याची ठेवण बदलते. त्यामुळे फोटो पाहून वजनाचा अंदाज बांधणं फसवंच.

अर्थात आकडा तोच राहिला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. भार उचलायचा नसला की हाडं झिजू लागतात. व्यायाम वगैरे काही केलं नाही, तर शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्का कमी होऊ शकते. म्हणून तिथे रोज साधारण दोन तास व्यायामाचे. डंबेल्सचा उपयोग नाही, त्यांनाही वजन कुठे आहे? त्याऐवजी निर्वात नळकांड्यांच्या विरोधात जोर लावायचा आणि ट्रेडमिलवर पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून धावायचं.

परतल्यावर शरीराइतकीच सवयही आडवी येते. 2025 मध्ये स्थानकावर राहून आलेल्या शुभांशू शुक्ला यांना पृथ्वीवर मोबाइल हातात धरला तर तो चांगलाच जड वाटला. नंतर एकदा काम संपल्यावर त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि पलंगाच्या कडेला हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. खाली गालिचा होता, म्हणून वाचला.