उपाहारगृहाचा उंबरठा : चाळीसगावच्या इतिहासातील एक धडा

शहराच्या मध्यवस्तीत झटपट खाद्यपदार्थ विकणारी साखळी-दुकाने आली की त्यांच्याविषयी दोन मते हमखास मांडली जातात. एका मताप्रमाणे ही दुकाने स्थानिक खाद्यपरंपरेचा ऱ्हास घडवून आणतात. दुसऱ्या मताप्रमाणे ती ग्राहकाचे नाव-गाव न विचारता सर्वांना एकच पदार्थ एकाच दराने देतात, आणि म्हणून ती समतेची वाहक होत. यांपैकी दुसरे मत इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे. त्या कामी मुंबई-पुण्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, खानदेशातील चाळीसगाव उपयोगी पडते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून भुसावळकडे जाणारा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात चाळीसगावावरून गेला. १९०० मध्ये तेथून धुळ्याचा फाटा सुरू झाला आणि चाळीसगाव जंक्शन बनले. जंक्शन म्हणजे एका गाडीतून उतरून दुसरीची वाट पाहण्याचे ठिकाण. आणि जेथे माणसे वाट पाहतात तेथे तयार अन्नाला गिऱ्हाईक मिळते. तत्पूर्वीचा प्रवासी शिदोरी बरोबर बाळगी, धर्मशाळेत स्वतःची चूल मांडी, अथवा स्वजातीयाच्या घरी पंक्तीस बसे. शिजविणाऱ्याची जात ठाऊक असल्याखेरीज अन्न घ्यावयाचे नाही, हा त्या व्यवस्थेचा पाया होता. अनोळखी माणसाने शिजविलेले अन्न अनोळखी माणसास पैसे घेऊन देण्याचा रोजचा व्यवहार आगगाडीने गावोगावी नेला.

रेल्वे स्थानकांवरील उपाहारगृहे व चहाचे ठेले ही, एका अर्थाने, या देशातील पहिली साखळी होय. ठेका एकाचा, दर ठरलेले, पदार्थ ठरलेले, वेळ गाडीच्या वेळेशी बांधलेली. आजच्या साखळी-दुकानांची बहुतेक लक्षणे तेथे दिसतात. परंतु त्याच स्थानकांवर 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' अशा वेगवेगळ्या आरोळ्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत ऐकू येत असत. चहाही तसाच वेगळा असे, आणि युरोपीय पद्धतीच्या भोजनगृहांचा थाट निराळाच असे. म्हणजे व्यवस्था सर्वत्र एकसारखी होती, पण ती सर्वांना सारखे लेखणारी नव्हती. एकसारखेपणा आणि समता या दोन भिन्न गोष्टी आहेत. चाळीसगावात १९२९ साली घडलेली घटना हा भेद अधिक स्पष्ट करते.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सभासद होते. त्या वर्षी खानदेशातील काम आटोपून मुंबईस परतताना ते चाळीसगावी उतरले. धुळे मार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून ते पुन्हा चाळीसगावास आले, तेव्हा तेथील अस्पृश्य बांधव त्यांना मुक्कामास नेण्याकरिता स्थानकावर थांबले होते. वस्ती स्थानकापासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे होती. स्थानकासमोर भाड्याचे टांगे उभे होते. परंतु अस्पृश्यास बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर तडजोड अशी निघाली की, टांगा मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. वस्तीतीलच एका माणसाने, टांगा हाकण्याचा सराव नसताना, लगाम हाती घेतला. नदीवरील मोरीजवळ टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जाऊन त्यांच्या पायाचे हाड मोडले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविली आहे.

या घटनेत भाडे देण्याची तयारी होती, टांगा होता, रस्ता सार्वजनिक होता. बाजाराचे सर्व घटक जुळूनही सेवा मिळाली नाही. जेथे केवळ शेजारी बसण्यास नकार होता, तेथे एका भांड्यातून चहा घेण्याची व एका बाकावर जेवण्याची गोष्ट किती दूरची असेल, याची कल्पना सहज येते. पैसा हातात आला म्हणजे जात आपोआप गळून पडते, हे अनुमान चाळीसगावच्या स्थानकासमोर टिकत नाही.

हा उंबरठा ओलांडण्याचे काम चळवळीने व कायद्याने केले. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला १९२३ चा ठराव सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांपुरता होता. खासगी उपाहारगृह त्याच्या कक्षेत नव्हते. त्याच ठरावाची अंमलबजावणी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रहाने करावी लागली. १९५० च्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नावनिशीवार उल्लेख करून तेथील भेदभाव निषिद्ध ठरविला. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशा ठिकाणी प्रवेश नाकारणे, तसेच तेथील सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे, हा गुन्हा ठरविला. वेगळ्या ठेवलेल्या कपबशीची दखल कायद्याने घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

साखळी-दुकानांची जन्मभूमी असलेल्या अमेरिकेचा अनुभवही याच निष्कर्षास पुष्टी देतो. वूलवर्थ ही तेथील मोठी साखळी. तिच्या ग्रीन्सबरो येथील दुकानात कृष्णवर्णीयांना वस्तू विकत घेता येत, पण अल्पोपाहाराच्या फळीपाशी बसून खाता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे जाऊन बसले, आणि त्या बैठकीचे लोण अनेक शहरांत पसरले. सार्वजनिक भोजनगृहे सर्वांना खुली करणारा तेथील संघराज्याचा कायदा १९६४ मध्ये झाला. भारतीय राज्यघटनेनंतर चौदा वर्षांनी.

मॅकडोनाल्ड्सचे पहिले भारतीय दुकान १९९६ मध्ये दिल्लीत उघडले, तेव्हा दार आधीच उघडलेले होते. वडापावासारखा मुंबईच्या रस्त्यावरचा पदार्थ जंबो किंगने २००१ पासून साखळीत ओवला, त्याही वेळी तीच स्थिती होती. कागदी पेला व स्वतः ताट उचलून नेण्याची पद्धत यांमुळे वेगळ्या कपबशीचा प्रश्न तेथे उरला नाही, हे खरे. तथापि या सोयीने उंबरठा समूळ नाहीसा केला नाही. जातीच्या जागी तेथे दरपत्रक येऊन बसले. शेवभाजी-भाकरीवर भूक भागविणाऱ्या खानदेशी मजुरास तो उंबरठा दिसतो.

तेव्हा मध्यवस्तीतील उपाहारगृहांचा इतिहास लिहिताना दुकानांची संख्या व पदार्थांची यादी एवढ्यावर थांबून चालणार नाही. कोणत्या काळी त्या बाकावर कोणास बसता येत होते, कोणास बाहेर उभे राहावे लागत होते आणि आत येण्यासाठी कोणी झीज सोसली, हा त्या इतिहासाचा गाभा आहे. आजचा ग्राहक नाव न सांगता चहा मागू शकतो, हे श्रेय कोणत्याही साखळीचे नव्हे. ते महाडच्या तळ्यावर व घटनासमितीत मिळविले गेले. आणि त्याची किंमत चाळीसगावच्या मोरीवरही मोजली गेली आहे.