प्रकाशाचें घर

तंबोऱ्याची तार नुसत्या फळीवर ताणून छेडली, तर तिचा ध्वनि शेजारच्या माणसासहि नीट ऐकूं येत नाहीं. तीच भोपळ्यावर चढली, म्हणजे दिवाणखाना भरून टाकते. नादास घर लागतें, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतों. प्रकाशासंबंधीं मात्र समजूत निराळी होती. उत्तेजित अणूनें प्रकाश केव्हां टाकावा, हा त्याचा अंगभूत धर्म; भोंवतालच्या जागेचा त्याशीं संबंध नाहीं, असें मानीत.

या समजुतीस १९४६ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनीं ‘फिजिकल रिव्ह्यू’मधील एका लहानशा टिपणानें धक्का दिला. अणुगर्भांनीं आपली शक्ति रेडिओलहरींच्या रूपानें आपोआप टाकून स्थिरावावें म्हटलें, तर ५ वर २१ शून्यें इतके सेकंद, म्हणजे विश्वाच्या वयाच्या १०,००० पटींहून अधिक काळ लागेल. पण त्यांत धातूचे सूक्ष्म कण मिसळले, तर तेंच काम कांहीं मिनिटांत उरकेल, असें त्यांचें गणित होतें. पोकळी जितकी लहान आणि लहरी तींत जितका अधिक वेळ टिकतील, तितकें उत्सर्जन शीघ्र, हें त्यांतील सूत्र.

सूत्र एका टिपणांत मावलें. हात तेथवर पोंचण्यास मात्र दशकें गेलीं. पॅरिस येथें सर्ज हारोश यांच्या गटानें १९८३ सालीं सूक्ष्मलहरींच्या पोकळींत अणु सोडून हा परिणाम पाहिला. पण प्रकाशाची लहर याहून कितीतरी आंखूड. तिच्या मापाची पोकळी घडवावी कशी? १९८७ सालीं एली याब्लोनोविच व सजीव जॉन यांनीं स्वतंत्रपणें मार्ग दाखविला : पदार्थाची रचना ठराविक अंतरानें पालटत नेली, तर प्रकाशाची वाट अडवितां येते.

२००३ सालीं क्योटो येथें सुसुमु नोदा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिलिकनच्या पातळ पापुद्र्यांत छिद्रांची जाळी कोरून ओळींतील तीन छिद्रें गाळलीं. त्या मोकळ्या जागेंत अवरक्त प्रकाश कोंडला गेला, पण गळूंहि लागला. तेव्हां भिंत अधिक कडक न करतां त्यांनीं कडेचीं छिद्रें किंचित् बाहेर सरकविलीं. लहरींची कड सौम्य झाली, आणि टिकाऊपणाचा गुणांक ४५,००० झाला. प्रकाश घट्ट धरावयाचा, तर हळुवार धरावा लागतो!

२०१६ सालीं केंब्रिज येथें सोन्याचा कण व सोन्याचा पत्रा यांमधील, एका नॅनोमीटरहूनहि अरुंद फटींत रंगद्रव्याचा एकच रेणु बसविण्यांत आला. नेहमींच्या तपमानांतच प्रकाश व रेणु यांची देवघेव इतकी दाट झाली कीं, दोघांस निराळें मानणें कठीण व्हावें. मात्र सोनें प्रकाश चटकन् गिळतें. सिलिकन तो टिकवितें, पण जागा इतकी आंवळीत नाहीं. या दोन गुणांचा मेळ घालणें, हेंच या कारागिरीचें खरें कोडें आहे.

आम्हांस या इतिहासांत विशेष वाटतें तें हें कीं, ज्यास आपण वस्तूचा स्वभाव म्हणतों, त्यांत तिच्या घराचाहि वांटा असतो.