हॅटच्या कडेचें वळण

चित्रपटांतला अमेरिकन गुराखी आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. त्याच्या डोक्यावरील ती रुंद, दोन्ही बाजूंनीं कड वर वळलेली हॅट लहान मुलेंहि ओळखतात. ती फिलाडेल्फियाच्या स्टेट्सननें घडविली, असें सर्रास सांगितलें जातें. श्रोतेहो, तें अर्धेंच खरें आहे. हॅट त्याची, परंतु वळण त्याचें नव्हे.

जॉन बॅटर्सन स्टेट्सन हा १८३० सालीं न्यू जर्सींतील ऑरेंज गांवीं टोप्या करणाऱ्याच्या घरीं जन्मला. छातीच्या विकारामुळें हवापालटासाठीं तो पश्चिमेकडे गेला, आणि प्रवासांतच जनावरांच्या केंसांचें फेल्ट करून त्यानें स्वतःसाठीं एक भली मोठी हॅट बनविली, अशी कथा आहे. १८६५ सालीं त्यानें फिलाडेल्फियांत धंदा मांडला व ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ नांवाची हॅट विकावयास काढली. तिचा माथा गोल व बिनखांचेचा, आणि कड रुंद, पाटासारखी सपाट. आज ती पाहून कोणी गुराख्याची हॅट म्हणणार नाहीं.

पुढचें काम गिऱ्हाइकांनीं केलें. तें समजण्यासाठीं फेल्ट म्हणजे काय हें थोडें पाहिलें पाहिजे. आपल्याकडील नमद्याप्रमाणें फेल्टला ताणा नाहीं, बाणा नाहीं. ऊष्णता, ओल आणि दाब यांनीं केंस एकमेकांत गुंतून तें बनतें. म्हणून तें कोणत्याहि दिशेला वळतें. शिवाय कड ताठ राहावी म्हणून हॅटवाले तिला लाखेचें पाणी पाजीत. ही लाख त्या शतकांत मुख्यतः हिंदुस्थानांतून जाई. छोटा नागपूरच्या पळस-कुसुंबाच्या झाडांवरील किड्यांची ही कमाई टेक्ससच्या माळरानावर उन्हांत तळपत होती, ही गोष्ट मला तरी मोठी गमतीची वाटते.

लाख उष्णतेनें मऊ पडते, केंसहि वाफेनें नमतात, आणि दोन्हीं थंड झालीं कीं आहे त्या आकारांत बसतात. एवढें एकच तत्त्व. त्याला कारखाना लागत नाहीं. चुलीवरची किटली खदखदूं लागली म्हणजे हॅटची कड तिच्या तोंडाशीं धरावी, मऊ लागतांच दोन्ही हातांनीं हवा त्याहून थोडा अधिक बांक द्यावा, कारण ती किंचित् मागें येतेच, आणि पुरती निवेपर्यंत हात सोडूं नयेत. कड पुन्हा सपाट हवी तर ओला फडका घालून फळीवर इस्त्री फिरवावी. वाफ आंतल्या चामड्याच्या पट्टीला मात्र लागूं देऊं नये. चामडें आंखडतें आणि हॅट डोक्याला बसेनाशी होते. ठेवतांनाहि ती माथ्यावर उलटी ठेवावी, नाहींतर कडेचा बांक तिच्याच भारानें मोडतो.

गुराख्यांनीं कडा वर कां वळविल्या, याचीं कारणें निरनिराळीं सांगतात. फांसाचा दोर डोक्यावरून फिरवितांना कडेला अडूं नये, हें त्यांतलें मला अधिक पटणारें. पाऊस, घाम आणि दिवसांतून शंभर वेळां हॅट उचलणारा हात यांचाहि वांटा मोठा असला पाहिजे. माथ्याचेंहि तसेंच झालें. १८९८ च्या स्पेनशीं झालेल्या युद्धानंतर क्यूबा व फिलिपाइन्समधील अमेरिकन शिपायांनीं पावसाचें पाणी निथळून जावें म्हणून माथा चार बाजूंनीं दाबून टोकदार केला. १९११ सालीं सैन्यानें तोच आकार अधिकृत ठरविला. शिपायाची सोय वरिष्ठांच्या हुकमांत शिरली ती अशी.

मग कारखानेहि आयत्या वळणाच्या हॅटी विकूं लागले; नांव मात्र कारखानदाराचेंच राहिलें. स्टेट्सन १९०६ सालीं वारला. टेक्ससमधील हॅटच्या दुकानांत आजहि वाफेचें यंत्र असतें, आणि गिऱ्हाईक समोर उभें राहून सांगतें कीं, उजवी कड अजून थोडी वर घ्या.