वाफेचे वजन आणि बेरिलियमचा वाद

१/
१८८४ साली स्वीडनमधील दोन रसायनशास्त्रज्ञांनी एका संयुगाची वाफ तोलली आणि त्या निष्कर्षापुढे स्वतःचाच दावा मागे घेतला. त्यांची नावे लार्स फ्रेडरिक निल्सन आणि ओटो पेटरसन. वाद होता बेरिलियमच्या अणुभाराचा, आणि पणाला लागली होती मेंडेलीव्हची आवर्तसारणी.

२/
एक भाग हायड्रोजनची जागा घेण्यास सुमारे ४.५ भाग बेरिलियम लागते, एवढे निश्चित होते. बेरिलियमची संयुजा दोन मानली तर अणुभार ९ येतो. तीन मानली तर १३.५. मेंडेलीव्हने ते ९ च्या आसपास धरून मॅग्नेशियमच्या गणात बसवले होते. १३.५ हा आकडा खरा ठरता, तर बेरिलियम कार्बन (१२) आणि नायट्रोजन (१४) यांच्यामध्ये येऊन पडले असते. तेथे रिकामी जागाच नव्हती.

३/
निल्सन आणि पेटरसन १३.५ च्या बाजूचे होते. १८७८ साली त्यांनी बेरिलियम धातूची विशिष्ट उष्मा मोजली. ड्यूलाँ आणि पेटी यांच्या १८१९ च्या नियमानुसार तिच्यावरून मोठाच अणुभार निघत होता. त्यांचा विरोध पूर्वग्रहातून आलेला नव्हता. मेंडेलीव्हने ज्याचे भाकीत केले होते, ते स्कँडियम १८७९ साली शोधणारा हाच निल्सन!

४/
निवाडा कसा व्हावा? अव्होगाड्रोच्या तत्त्वानुसार समान तापमान व दाब असता वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. म्हणून वाफ हवेच्या किती पट जड आहे, हे कळले की रेणूचे वजन कळते. बेरिलियमच्या अणूला दोन क्लोरीन असतील, तर क्लोराइडची वाफ हवेच्या सुमारे २.८ पट जड हवी. तीन असतील, तर सुमारे ४.१ पट.

५/
१८८४ च्या प्रयोगांत कमी तापमानाला ही वाफ अपेक्षेपेक्षा जड भरली. उष्णता वाढवत नेली, तसा आकडा उतरत जाऊन २.८ च्या जवळ स्थिरावला. अणुभार ९! दोघांनी तो मान्य केला आणि बेरिलियमची जागा कायम झाली. हलक्या व कठीण घनपदार्थांबाबत ड्यूलाँ-पेटींचा नियम सामान्य तापमानाला का चुकतो, याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९०७ साली दिले.

६/
पण कमी तापमानाला वाफ जड का भरली? असेच कोडे ॲल्युमिनियम क्लोराइडनेही घातले होते. १८५७ साली फ्रान्समध्ये देव्हील आणि त्रूस्त यांना त्याची वाफ हवेच्या सुमारे ९.३ पट जड आढळली. एक ॲल्युमिनियम आणि तीन क्लोरीन एवढाच रेणू असता, तर ती ४.६ पट भरायला हवी होती. म्हणजे रेणू दुप्पट होता. त्यावरून काहींनी ॲल्युमिनियमची संयुजा कार्बनप्रमाणे चार मानली.

७/
१८८७ साली निल्सन आणि पेटरसन यांनी उच्च तापमानाला हीच वाफ तोलली, तेव्हा आकडा निम्म्याकडे उतरताना दिसला. १८८८ साली फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांना मध्यम तापमानाला पुन्हा दुप्पटच वजन मिळाले. वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही खरी होती.

८/
धातूंच्या हॅलाइडांचे रेणू वाफेत अनेकदा जोडीने राहतात. उष्णता वाढली की जोड्या तुटतात. कोणत्याही तापमानाला जोडलेले आणि सुटे रेणू यांच्यात समतोल असतो. १९३८ साली पामर आणि एलियट यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनाने या जोडीची रचना तपासली. दोन ॲल्युमिनियम अणू थेट एकमेकांना जोडलेले नसून दोन क्लोरीन अणू त्यांच्यामध्ये पुलासारखे बसलेले होते. चार संयुजेची गरज उरली नाही.

९/
इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? जुन्या नोंदी एकमेकींशी भांडताना दिसल्या की आपण त्यांतील एक खोटी ठरवण्याची घाई करतो. १८८७ आणि १८८८ च्या नोंदींत फरक होता तो तापमानाचा. एखादा आकडा स्वीकारण्यापूर्वी तो कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे विचारले पाहिजे. आणि उत्तर आपल्या मताविरुद्ध गेले, तर निल्सन आणि पेटरसन यांच्याप्रमाणे ते मान्यही केले पाहिजे.